इंजिन काढलेली गाडी

मी गोष्टी रचणारा माणूस नाही. तीस वर्षं गाड्यांखाली आडवा पडून काम केलंय. हाताला ग्रीस लागलं तर खरं, नाहीतर खोटं, एवढंच मला कळतं.

जे सांगतोय ते माझ्या भाचीच्या बाबतीत घडलंय. त्यातलं निम्मं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या रक्त-तपासणीचा कागद आजही माझ्या कपाटात आहे.

तारीख २३ नोव्हेंबर २०१९, शनिवार. ठिकाण ओहायोमधलं माझं गॅरेज, गावाबाहेर मक्याच्या शेतांना लागून.

आणि रात्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते. आदल्या रात्रीच्या बर्फावर लख्ख ऊन पडलं होतं.

गाडी माझ्या मेव्हण्याची, ड्वाइटची. एकोणसत्तर सालची मसल कार, म्हणजे दांडग्या ताकदीची, वेगवान गाडी. गडद हिरवी, दोन दारांची, बॉनेटवर पांढरे पट्टे. तिचं ते जुनं, अजस्र इंजिन सुरू झालं की शेजारच्या घरातली कपबशी वाजायची. ड्वाइटचा गाडीवर फार जीव होता.

तो २००० सालच्या जानेवारीत गेला. मी तेव्हा टेक्सासला तेलविहिरींवर ट्रक दुरुस्तीच्या कामाला होतो. त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, नोरीनताईने फोनवर सांगितलं, "झोपेत हार्ट अटॅक आला." बर्फाच्या वादळामुळे मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. त्यांची मुलगी टेस तेव्हा चार वर्षांची होती.

त्या दिवसापासून गाडी ताईच्या कोठारात ताडपत्रीखाली पडून होती. एकोणीस वर्षं. ताईने ती विकली नाही, आणि तिच्याकडे बघितलंही नाही.

त्या वर्षी टेसला डेन्व्हरला नोकरी लागली. पोरीच्या मनात आलं, बाबांच्या गाडीतून जायचं. जुन्या इंजिनात काही जीव उरला नव्हता, म्हणून तिने अपघातात चेचलेल्या एका पिकअपचं नवं इंजिन मिळवलं. कंप्युटरवर चालणारं. आणि माझ्यामागे लागली.

"मामा, बसवून दे ना."

"आईला विचारलंस?"

"तू विचार. तुझ्यावर ती कमी ओरडते."

मला वाटलं ताई साफ नाही म्हणेल. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "एका अटीवर. ते जुनं इंजिन ठेवायचं नाही. भंगारात घालायचं. माझ्यासमोर."

मला नवल वाटलं. असं इंजिन कुणीही हौशी माणूस डोक्यावर घेऊन नाचला असता. पण ताईपुढे बोलणार कोण?

माझा भागीदार मार्व्ह. वय सत्तर, आणि तोंड सतत चालू. गुरुवारी आम्ही चेन-ब्लॉक लावून जुनं इंजिन वर उचललं तेव्हा तो म्हणाला, "म्हाताऱ्याचं काळीज काढून कॉलेजातल्या पोराचं बसवतोयस. पाय तेच आहेत, पळवू नकोस म्हणजे झालं."

इंजिन काढलं. सायलेन्सरचे पाइप कापले. पेट्रोलची टाकी उतरवली. बॅटरी तर आधीच बाहेर होती. शुक्रवारी सकाळी भंगारवाला इंजिन घेऊन गेला. ताई रस्त्याच्या कडेला उभी होती. ट्रक दिसेनासा होईपर्यंत तिने मान वळवली नाही.

आता गाडी म्हणजे नुसता सांगाडा. बॉनेट उघडलं की खाली फरशी दिसायची.

हे नीट लक्षात ठेवा. इंजिन नाही, टाकी नाही, पाइप नाही.

शुक्रवारी दुपारी मार्व्ह गाडीच्या आत वाकला आणि पटकन मागे आला.

"लाईल, धुराचा वास येतोय."

"एकोणीस वर्षं उंदीर राहिलेत तिच्यात."

"उंदरांनी सिगारेट ओढली तरी पेट्रोलचा वास येत नाही."

मी वाकून बघितलं. वास होता... ताजा. थंडीत गाडी जागेवर चालू ठेवली की येतो ना, तसा.

संध्याकाळी भिंतीवरचा विषारी धुराचा अलार्म दोनदा वाजला. गॅरेजमध्ये तेव्हा एकही गाडी चालू नव्हती. हीटरसुद्धा विजेवरचे. मार्व्हने शिव्या घालत सेल बदलले.

निघताना मी सहज गाडीच्या काट्यांकडे नजर टाकली. इंजिन किती तापलंय ते दाखवणारा काटा...

मधोमध उभा होता.

त्याची वायर मी स्वतः कापली होती. ती खाली लोंबत होती.

काच ठोकली. काटा हलला नाही. जुना काटा, अडकला असेल, अशी मनाची समजूत घातली आणि दिवे मालवले.

शनिवारी टेस आली. बादली, स्पंज, साबण घेऊन. सीट धुवायच्या होत्या. मी आणि मार्व्ह जेवायला घरात गेलो. घर गॅरेजपासून पन्नास पावलांवर.

"चल गं, गरम राजमा-खिमा आहे."

"तुम्ही व्हा पुढे. मागची सीट झाली की येते."

आम्ही जेवलो. रेडिओवर फुटबॉलची मॅच चालली होती. अर्धा तास झाला. टेस आली नाही.

मी तिला बोलवायला दार उघडलं... आणि थांबलो.

धब्... धब्-धब्... धब्...

मोठं, जुनं, अडखळत चालणारं इंजिन. गॅरेजच्या खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या.

मार्व्ह माझ्या मागे येऊन उभा राहिला. त्याच्या हातात पावाचा तुकडा तसाच होता.

"लाईल," तो हळूच म्हणाला, "हे तर आपण भंगारात दिलं."

मी धावलो. आतून अलार्म किंचाळत होता. शटरला हात घातला आणि जोर लावून वर ढकललं.

आवाज बंद.

एका क्षणात. कुणीतरी किल्ली फिरवावी तसा.

गाडीच्या सगळ्या काचा आतून धुकटल्या होत्या. दोन्ही दारं आतून लॉक. मी टॉर्च मारला.

टेस मागच्या सीटवर होती. कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. लहान मूल झोपतं तशी. गाल गुलाबी गुलाबी.

मी पान्याने काच फोडली. तिला ओढून बाहेर बर्फात आणलं. हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. ती उठेना. मार्व्ह फोनवर ओरडत होता. त्या सात मिनिटांत मला देवाचं नाव सोडून दुसरं काही आठवलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात कार्बन मोनॉक्साइड. अजून दहा मिनिटं उशीर झाला असता तर...

"बंद गॅरेजमध्ये कुठली गाडी चालू होती?" त्यांनी विचारलं.

"कुठलीच नाही," मी म्हणालो.

अग्निशमन दलाच्या माणसाने गॅरेजभर मीटर फिरवलं होतं. काहीच सापडलं नाही. मग त्याने बॉनेट उघडलं. खालच्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिला. हळूच बॉनेट लावलं आणि एक शब्दही न बोलता निघून गेला, असं मार्व्ह म्हणाला.

ताई हॉस्पिटलात आली ती धावत. मी तिला सगळं सांगितलं. विषारी धूर म्हटल्याबरोबर ती भिंतीला टेकली.

"कुठे होती टेस? पुढे की मागे?"

"मागे."

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय लपवतेयस, ताई?"

तिने हात खाली घेतले. "ड्वाइटला हार्ट अटॅक नव्हता आला रे."

मी तिच्याजवळ सरकलो.

"कारखान्यातून काढल्यापासून दोन महिने तो धड बोलला नव्हता. त्या पहाटे मला जाग आली ती आवाजाने. आमचं घरचं गॅरेज बंद, गाडी चालू. तो पुढे बसलेला. गेलेला." तिचा श्वास अडकला. "आणि टेस मागच्या सीटवर. पांघरुणात."

मी टेसच्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"तिला मी वाचवलं. नात्यात कुणाला कळू दिलं नाही, तिलासुद्धा नाही. ती रडायला लागली की ड्वाइट तिला गाडीत घालून चक्कर मारून आणायचा, मग झोपायची. तिला सवय होती. आपली आपणच जाऊन मागे झोपली असणार. त्याला माहीतच नव्हतं, लाईल. अंधार होता. शेरीफचे पोलीससुद्धा तेच म्हणाले. त्याला माहीत नव्हतं."

ती हे मला सांगत नव्हती. गेली एकोणीस वर्षं ती स्वतःलाच हे सांगत आली होती.

टेस संध्याकाळी शुद्धीवर आली. नाकात नळी, पण हसली. ताईने तिचा हात धरला.

"काय झालं गं?" मी विचारलं. "मागे झोपलीस कशाला?"

"झोपायचं नव्हतं मला. सीट पुसत होते. एकदम उबदार वाटायला लागलं. डोळे मिटले." ती आठवत होती. "मग कुणीतरी पांघरूण घातलं."

"गॅरेजमध्ये पांघरूण नव्हतं," मी म्हणालो.

"माहितेय. पण घातलं. मला वाटलं तूच. मग पुढच्या सीटवर कुणीतरी बसलेलं दिसलं. पाठमोरं. आरशातून माझ्याकडे बघत होतं."

ताई पुढे वाकली.

"काही बोलला?" तिने विचारलं.

"हो. म्हणाला, झोप गं चिमणे. पोचलो की उठवतो."



ताईने तिचा हात हळूच सोडला. उठली, बाहेर आली. मी मागोमाग गेलो. ती बाकावर बसली होती. रडत नव्हती.

"चक्कर मारायला निघाला की रोज हेच म्हणायचा तिला," ती म्हणाली. "त्याला माहीत होतं, लाईल."

तिच्या पाठीवर हात ठेवायचा धीरसुद्धा झाला नाही.

नवं इंजिन मी बसवलं नाही. गाडी भंगारात नेली आणि माझ्या डोळ्यांदेखत चेपून घेतली. हातभर उंचीचा पत्रा झाला तिचा. मार्व्हने त्या वर्षीच काम सोडलं. ताईने ड्वाइटचा फोटो भिंतीवरून काढला. कुठे ठेवला, मी विचारलं नाही.

टेसला ताईने काहीच सांगितलेलं नाही. मीही नाही. ती डेन्व्हरला गेली. दुसरी गाडी घेतली, साधी, नवी.

सगळं संपलं असं मला वाटत होतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग म्हणाली, "मामा, एक सांगू? हसू नकोस. मला पलंगावर झोपच येत नाही. मी गाडीत जाऊन झोपते. मागच्या सीटवर."

मी खुर्चीतून उठलो.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस. त्या दिवशी तुझ्या गॅरेजमध्ये लागली ना, तशी शांत झोप पुन्हा कुठे लागलीच नव्हती. गाडीत लागते."

"टेस, ऐक माझं. काच उघडी ठेवत जा. कितीही थंडी असू दे."

"ठेवते रे. रोज ठेवते."

मग आवाज खाली आणून म्हणाली,

"पण सकाळी उठते तेव्हा बंद असते."

मी त्या दिवशीच तिला इकडे ये म्हणून विनवलं. ती हसली. कामं आहेत म्हणाली. ताईला हे सांगू की नको, मला अजून ठरवता येत नाही. सांगितलं तर ती मरेल, आणि नाही सांगितलं तर...

आता रोज सकाळी सात वाजता मी टेसला फोन करतो. ती उचलेपर्यंत उभाच असतो.

आज तिने नवव्या रिंगला उचलला.