शेजारचं पोस्टर

करुणाचं पोस्टर पुन्हा एकदा सुटलं आणि या खेपेला थेट शेजारच्या मुलाच्या डोक्यावर पडलं. सप्टेंबर सरत आला तरी रत्नागिरीत पावसाची ये-जा चालूच होती. सभागृहाच्या दमट भिंतीवर चिकटपट्टी टिकते थोडीच! त्याने पोस्टर अलगद बाजूला केलं आणि वळून पाहिलं. डोळे हसरे होते... नको तेवढे हसरे, असं करुणाला वाटून गेलं.

"असं नाय राहायचं ते," म्हणत त्याने पिशवीतून जाळी शिवायचा दोरा काढला, कोपऱ्यांना भोकं पाडली आणि वरच्या खिळ्यांना पोस्टर असं बांधून दिलं की सोसाट्याच्या वाऱ्यातही ते हललं नसतं. तो बुरोंडीचा हर्षद. घरी होडी, शिक्षण रसायनशास्त्राचं.

परिषद होती सांडपाणी शुद्ध करणाऱ्या मंडळींची. दोघंही शिष्यवृत्तीवर आलेली, म्हणून दोघांच्याही वाट्याला हात धुवायच्या नळांजवळचा कोपरा. करुणा लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती. नारळाच्या सोडणांचा, म्हणजे वरच्या सालींचा, कोळसा करून त्याने रंगाचं पाणी स्वच्छ करायची युक्ती तिने शोधली होती. हर्षदने मासळी धुतलेलं पाणी वाळू आणि शिंपल्यांच्या चुऱ्यातून गाळून पुन्हा वापरात आणलं होतं. परीक्षक पोस्टरं पाहून निवडतील त्या शिष्यवृत्तीवाल्यांमधल्या एकालाच इथल्या संशोधन केंद्रात दोन वर्षांचं काम मिळणार होतं. ते करुणाला हवं होतं, अगदी जिवापाड हवं होतं. कारखान्याच्या पाळीची बस, नमुन्यांच्या बाटल्या आणि पुन्हा पाळीची बस, यातून तिला सुटायचं होतं.

"म्हणजे आपण वैरी झालो," हर्षद म्हणाला.

"झालोच. जपून राहा."

"सुरुवात तर तुम्ही केलीतच. पहिल्या भेटीत डोक्यात पोस्टर घातलंत."

करुणाने हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

दिवसभर माणसं येत होती आणि दोघं आपापली टकळी चालवत होती. ऐकून ऐकून करुणाला त्याचं सगळं पाठ झालं. एक गोष्ट मात्र तिला खटकत होती. हा मुलगा प्रत्येकापुढे आधी दिलगिरी व्यक्त करायचा. मी काही फार मोठं केलेलं नाही, साधंच आहे, असं म्हणून सुरुवात. शेवटी तिने त्याला झापलंच. स्वतःच्या कामाची अशी लाज वाटते, तर आलात कशाला? तो ओशाळला, कान लाल झाले, आणि ते लाल कान करुणाला फारच आवडले. तिकडे लक्ष द्यायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. तरी लक्ष तिकडेच.

दुपारी जेवणात पनीर निघालं. करुणाने तोंड वाकडं केलेलं त्याने पाहिलं.

"बांगडा खाणार? पलीकडे खानावळ आहे. पळत जातो नि आणतो."

"पावसात? आणि परीक्षक आले तर?"

"ते चारशिवाय नाय येत. तोवर माझं दुकान सांभाळा."

तो गेला, आणि परीक्षक दत्त म्हणून उभे राहिले. करुणाचं पोस्टर पाहून झालं. तिने मन लावून सगळं सांगितलं. मग परीक्षकांतल्या चष्मेवाल्या बाईंनी शेजारी पाहिलं आणि हे कोणाचं, माहिती सांगणारं कोणी आहे का, असं विचारलं. कोणी नसेल तर नाव गळणार होतं.

करुणाने हर्षदच्या पोस्टरकडे पाहिलं. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. एक स्पर्धक कमी झाला असता आणि तिला कोणी बोलही लावला नसता. पण रात्र रात्र जागून केलेल्या त्या कामाबद्दल तिने दिवसभर ऐकलं होतं. ते चांगलं होतं, हे तिच्याइतकं त्या सभागृहात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"मी सांगते," ती म्हणाली. आणि तिने सांगितलं — दिलगिरीबिलगिरी न घालता, शिंपल्यांपासून गाळलेल्या पाण्यापर्यंत सगळं. बाई फिरून फिरून प्रश्न विचारत राहिल्या आणि करुणाकडे प्रत्येकाचं उत्तर होतं.

हर्षद निथळत आला तेव्हा परीक्षक निघून गेले होते. त्याने बांगड्याचं पुडकं शर्टाखाली कोरडं ठेवलं होतं. काय घडलं ते कळल्यावर तो थेट परीक्षकांकडे धावला आणि माहिती मी नव्हे, शेजारच्या मुलीने सांगितली, असं सांगून आला. त्यांना ते माहीतच होतं. नियम एवढाच होता, की माहिती सांगणारं माणूस हवं.

संध्याकाळी नाव पुकारलं गेलं ते हर्षदचं. करुणाने टाळ्या वाजवल्या. डोळे भरले होते, आणि तरी आतून कुठेतरी तिला चक्क आनंद होत होता. आपल्याला झालंय तरी काय, हे तिचं तिलाच कळेना.

एसटी स्टँडवर तो तिच्या मागोमाग आला. केस अजून ओले होते. चिपळूणची गाडी लागली होती.

"का बोललीस?" त्याने विचारलं. "तुला हवं होतं ना ते काम?"

"हवं होतं. अजून हवंय. पुढच्या वर्षी मिळवीन." तिने पिशवी खांद्यावर घेतली. "पण तू नुसता गळून गेला असतास... ते मला सहन झालं नसतं."

हर्षदचे कान पुन्हा लाल झाले होते.

"आता दिलगिरी व्यक्त करू नकोस," करुणा म्हणाली.

"नाय करत." त्याने श्वास घेतला. "मला तू आवडतेस. सकाळपासून. हे काही साधं नाय, फार मोठं आहे."

कंडक्टरने घंटी वाजवली. करुणा पायरीवर चढली आणि दांडा धरून वळली. पाऊस तिरपा येऊन तिच्या गालावर लागत होता, तो तिने पुसला नाही.

"माझी सुट्टी गुरुवारी असते," ती म्हणाली. "लोट्याला उतरलास की फोन कर."