साडेआठ नंबरचे हातमोजे

एक्सेटरच्या हाय स्ट्रीटवरचा वारा ऑगस्टअखेरीस जरा आगाऊच होतो. हेस्टर लस्कमच्या हातातली यादी त्याने नेमकी बॅरोबींच्या कपड्यांच्या दुकानासमोर हिसकावली. कागद गिरक्या घेत उघड्या दारातून आत शिरला, आणि काउंटरमागून लगबगीने आलेल्या एका तरुणाने तो बुटाखाली दाबला.

"माफ करा," तो कागद उचलत म्हणाला, "हाताने धरायला गेलो असतो तर तो मागच्या दाराने निघून गेला असता."

यादीवर बुटाचा ठसा उमटला होता, टाचेपासून टोकापर्यंत स्पष्ट. खरं तर हेस्टर पलीकडच्या मोठ्या दुकानात निघाली होती. पण यादीच आधी आत गेली म्हटल्यावर तीही गेली. मागोमाग ऑबरी, तिच्या दिवंगत बहिणीचा दहा वर्षांचा मुलगा, चेहरा पाडून. वडील सिलोनला चहाच्या मळ्यावर. मुलगा चार वर्षं मावशीकडे. आता तो बोर्डिंगला जाणार होता, आणि त्याच्या शाळेला सहा शर्ट, बारा कडक कॉलर आणि नऊ जोड मोजे हवे होते.

तरुणाचं नाव अँब्रोज पॅस्को. ऑबरीच्या पायाला टेप लावून तो म्हणाला, की पँट दोन इंच लांब शिवू आणि जादा कापड आत दुमडून ठेवू, मुलं वाढतात.

"सव्वा इंच पुरे," हेस्टर म्हणाली. ती मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि घरच्या दाराच्या चौकटीवर ऑबरीच्या उंचीच्या खुणा तारखांसकट होत्या. "चार महिन्यांत तो त्याहून जास्त वाढत नाही."

"शाळेत गेल्यावर मुलं चौकटीला विचारून वाढत नाहीत, मिस लस्कम."

तिला हसू आलं. बाहेरच्यांसमोर ती सहसा हसत नसे. शेवटी दोन इंच ठेवायचे ठरले, आणि कोण बरोबर ते नाताळच्या सुट्टीत मोजून पाहायचं.

ऑबरी शाळेत गेला आणि घर फार नीटनेटकं झालं. दुसऱ्याच शनिवारी हेस्टर दुकानात गेली. कॉलर कशी धुवावी, एवढंच विचारायचं होतं. पॅस्कोने सांगितलं, ती आभार मानून वळली, तोच तो हलक्या आवाजात म्हणाला, "एक विनंती करू? काहीतरी घ्या. कॉलरचं एखादं बटणसुद्धा चालेल."

त्याचे कान लाल झाले होते. पलीकडे देखरेख करणारे मिस्टर गॉडबी वही घेऊन उभे होते. दुकानाचा नियमच होता: गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेलं, की विकणाऱ्याच्या नावापुढे फुली. तीन फुल्या झाल्या की नोकरी गेली, आणि दुकानावरची राहायची खोलीही. पॅस्कोच्या दोन झाल्या होत्या.

हेस्टरने हाताला लागले ते हातमोजे उचलले. पुरुषांचे होते.

"कुठला नंबर देऊ?"

तिच्या घरात पुरुष कुठला! काउंटरवर त्याचा हात होता. लांब बोटं, अंगठ्यावर खडूची पांढरी धूळ. हातमोज्याचा नंबर म्हणजे तळहाताचा घेर, इंचांत. दिवसभर पानांची रुंदी मोजणारीला तेवढं अवघड नव्हतं.

"साडेआठ," ती म्हणाली.

मग दर शनिवारचं ठरूनच गेलं. तो तिला शाळेतल्या मुलींबद्दल विचारी, ती त्याच्या गावाबद्दल. एकदा त्याने तिच्यासाठी कोटाच्या खिशात जपून एक फर्नचं पान आणलं; ते पार चुरगळलं होतं, तरी तिने नाव सांगितलं. जाताना काहीतरी घ्यायचंच, म्हणून तिने मोजे घेतले, साडेदहा नंबरचे (यादीवरचा बुटाचा ठसा तिने घरी पट्टीने मोजला होता). मग कॉलर, साडेपंधरा. सगळं तिच्या वाळवलेल्या पानांच्या खणात जाऊन पडे. नोव्हेंबरात मात्र पॅस्को कमी बोलू लागला. सामान बांधायचा, दोरी कापायचा, वर बघायचा नाही. आपलं काय चुकलं, हे काही तिला उमगेना.

डिसेंबरात ऑबरी आला. पॅस्कोने टेप लावला. वाढ एक आणि पाच अष्टमांश इंच, सव्वा आणि दोनच्या बरोबर मधोमध.

"म्हणजे दोघंही चुकलो," हेस्टर म्हणाली.

"सारखेच," तो म्हणाला. मग टेप गुंडाळत, खाली बघत, "पुढच्या खेपेला दुसरं कोणी मोजेल. मी ट्रूरोला चाललोय, काकांच्या दुकानात. आज शेवटचा शनिवार."

ऑबरी टोप्या बघायला पळाला. हेस्टर तिथेच उभी राहिली.

"तुमच्या होणाऱ्या मिस्टरांना…" पॅस्को अडखळला, "हातमोजे नीट बसले ना?"

तेव्हा कुठे तिला नोव्हेंबरचा अर्थ लागला.

"मला एक हॅट हवी," ती म्हणाली. आवाज वर्गात असतो तितकाच स्थिर ठेवायचा तिने प्रयत्न केला.

"नंबर?"

"माहीत नाही. तुमचा किती?"

"सव्वासात."

"मग तोच."

तो हॅट काढायला वळला, आणि अर्ध्यातच थांबला.

"हातमोजे साडेआठ," ती सावकाश म्हणाली. "मोजे साडेदहा. कॉलर साडेपंधरा. दिवसभर लोकांची मापं घेता, मिस्टर पॅस्को… स्वतःची विसरलात?"

त्याने आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो पहिल्यांदाच दिसत होता.

"पण मग ते सगळं… कुणासाठी?"

"कुणासाठीच नाही. मला फक्त एकाच माणसाची मापं माहीत आहेत."

 मग तो भडाभडा बोलत सुटला, की ट्रूरोला दुकानावर राहायची सक्ती नाही, लग्न झालेला माणूसही चालतो. आणि तिथे मुलींची चांगली शाळा आहे, त्याने चौकशी केली होती… उगाच, काही आशा नसताना.

"वनस्पतिशास्त्र शिकवतात?"

"विचारायला धीर झाला नाही."

"मग मी पत्र टाकून विचारते," हेस्टर म्हणाली. "हॅट द्या आता. गॉडबी बघताहेत."

"नको." त्याने हॅट शांतपणे फळीवरच राहू दिली. "आज काही घेऊ नका. मी दारापर्यंत सोडायला येतो."

मिस्टर गॉडबींनी वही उघडली. तिसरी फुली मारायला त्यांनी पेन्सिलचं टोक ओलं केलं, तोवर दोघं दाराबाहेर पोचले होते, टोप्यांपाशी रमलेला ऑबरी मागोमाग. वारा तसाच सुटला होता. हेस्टरने हातात काहीच घेतलेलं नव्हतं. म्हणून पॅस्कोने हात पुढे केला तेव्हा तो धरायला तिला काही खाली ठेवावं लागलं नाही.