सहा नंबरची मेंढी

"मॅडम, सहा नंबर मेली. लगेच या."

राजशेखरचा फोन ठेवून डॉ. अक्षदा लोहाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून तशाच निघाल्या.

सहा नंबर म्हणजे मेंढी. तिच्या मांडीतल्या नसेवर इंजिनिअर राजशेखरनं पापुद्र्यासारखी मऊ पट्टी बसवली होती. ती नसेला हलका करंट द्यायची. उद्या सोलापुरात तशीच पट्टी वैष्णवीच्या दंडात बसणार होती. कृत्रिम पंजाला स्पर्श कळणार होता! एकोणीस वर्षांची पोर, उजवा पंजा कडबाकुट्टीत गेलेला. तिचा बाप वैजनाथ याच मेंढ्या राखायचा.

वाड्यात मेंढी ताठ पडली होती; शेजारी राजशेखर आणि वैजनाथ. मांडीवर काळा, कोरडा डाग. ना फोड, ना सूज.

"लंगडत होती म्हणून या वैजनाथनं तापल्या सळईनं डाग दिला," राजशेखर तडकला. "अडाणीपणा! पट्टी जळाली माझी."

"वैजनाथमामा, तुम्ही दिला?"

"न्हाय बाई. पोरीची शपथ."

"पण लंगडं जनावर डागता ना?"

"डागतो की. लपवू कशाला? वर लगीच हळद-तेल लावतो. न्हाय तर लई तडफडतंय."

अक्षदांनी डागावर बोट फिरवलं. नुसती काजळी लागली.

"राजशेखर, पट्टी कुठंय?"

"आतच, जळालेली. मी हातसुद्धा लावलेला नाही."

त्यांनी मांडी चिरली. आत पू, सडलेली नस. पट्टीची जागा रिकामी. राख नाही, वितळलेला तुकडा नाही.

अक्षदांचा संताप संताप झाला.

"जिवंत कातडी भाजली की सुजते. ही मेल्यावर भाजलीय. मेलेल्या मेंढीवर वैजनाथमामा कशाला इलाज करतील? पट्टी आत फाटली, नस सडली, मेंढी गेली. तुम्ही मांडी चिरून पट्टी काढलीत आणि चीर झाकायला डाग दिलात. इथं डागतात एवढं ऐकलं होतंत. हळद-तेल ठाऊक नव्हतं. खिसा दाखवा."

खिशातून काचेची डबी निघाली. आत फाटकी पट्टी.

"बाकी पाच मेंढ्या ठणठणीत आहेत," राजशेखर पुटपुटला. "एकीपायी उद्याचं ऑपरेशन थांबलं असतं."

वैजनाथनं त्याची गचांडी धरली. "आन् माझ्या पोरीचा दंड सडला आसता तर, मुडद्या?"

अक्षदांनी कसंबसं सोडवलं आणि फौजदारांना फोन लावला.

वैष्णवी दारात उभी होती. सोलापूरला न्यायची पिशवी डाव्या हातात. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आबा," ती उजव्या थोट्या हाताकडं बघत म्हणाली, "डाग तुमीच दिला आसता तर लई बरं झालं आसतं."