मागावरची बदली

मध्ये बोलू नका, म्हणजे सांगते.

आमची कापडगिरणी बंद पडली, तिचं संग्रहालय झालं. तिथल्या मॅडमनी दादाचा जेवणाचा डबा कपाटात मांडायला मागितला होता, तो द्यायला मी भरदुपारी गेले. माझ्या या थोरल्या भावाला जाऊन वर्ष झालं होतं. पण त्याआधी त्यांनी त्याला कॅमेऱ्यांपुढे बसवून हुबेहूब दुसरा दादा तयार केला होता, पडद्यावर चालता-बोलता. तोच आता लोकांना माग दाखवतो.

"या मंडळी," दादा म्हणत होता. आवाज तोच, खोकलासुद्धा तोच. मला रडूच फुटलं.

मग त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नसे, म्हणून आम्ही खुणांनी बोलायचो. दादाचं तोंड सुताची माहिती देत होतं. हात मात्र छातीवर दोनदा थाप मारून दाराकडे अंगठा दाखवत होते. पुन्हा... पुन्हा... 'दमलो. माझ्या जागी बदली माणूस पाठवा.'

"मॅडम... हे हात?"

"ते कॉम्प्युटर आपोआप हलवतो, मावशी. त्याला काही अर्थ नसतो."

अर्थ नसतो म्हणे! उभा जन्म मी तेच हात वाचले. पूर्वी एकदा त्याने हीच खूण केली होती, आणि मी मेली 'थांब जरा' म्हणून चहाला गेले. तेवढ्यात त्याची दोन बोटं मागात गेली.

या वेळी थांबले नाही. मॅडमना पडद्यावर एक बाईमाणूस हवंच होतं. मी सही केली, आठवडाभर कॅमेऱ्यांपुढे बसले. म्हटलं, आता तरी सुटेल बिचारा.

महिन्याने, म्हणजे काल, बघायला गेले. दादा तिथेच. शेजारच्या मागावर मी, हसत हसत माहिती सांगतेय. आणि दोघांचेही हात... छातीवर थाप, दाराकडे अंगठा.

"दादाला तरी काढा हो..."

"छे, मावशी! जोडी लोकांना फार आवडलीय."

सोडवायला गेले आणि स्वतःच अडकले, तेही जिवंतपणी. आता तिथे कोणाला पाठवू? ती खूण वाचणारं माझ्यामागे कोणी उरलं नाही.

हे बोट बघा. काल सकाळी कांदा चिरताना कापलं, ही निळी चिंधी बांधली. पडद्यावर माझ्या त्याच बोटाला हीच चिंधी होती. माझं रक्त तोवर केव्हाच थांबलं होतं. तिची चिंधी अजून भिजत होती.