हातोडी टेकेल तिथं

भट्टी धूर ओकत होती, आच मात्र देत नव्हती.

सुकदेवनं तिसऱ्यांदा सगळं खोललं. सुरतेच्या डिंडोलीतल्या त्याच्या घरामागं, संडासाची भिंत आणि शेजाऱ्याची भिंत यांच्या मधोमध, दोन खाटा मावतील एवढी उघडी जागा होती. तिथंच त्यानं हा संसार मांडला होता. टेम्पोचा गंजका ब्रेक ड्रम म्हणजे भट्टीचं भांडं. त्याच्या बुडाला नळाच्या पाइपाचा तुकडा. पाइपाच्या तोंडाशी आधी लेकीचं, योगिताचं, केस वाळवायचं यंत्र लावलं होतं. ती लग्न होऊन गेली तेव्हा टाकून गेलेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं प्लास्टिकचं नाक वितळून खाली लोंबलं.

मग उधन्याच्या भंगारबाजारातून एक ब्लोअर आणला. त्यानं एवढा वारा घातला की लोखंडाचं टोक फुलबाजीसारखं तडतडून जळालं. तेव्हा बिस्किटाच्या डब्याचं झाकण कापून वाऱ्याच्या वाटेत सरकतं लावलं. इस्त्रीवाल्याचा लाकडी कोळसा चहा होईस्तोवर राख व्हायचा, म्हणून बॉयलरचा दगडी कोळसा आणला. आणि आता हा धूर.

त्यानं सळईनं बूड उकरलं. कोळशातली घाण वितळून तळाशी काळ्या काचेसारखी पसरली होती आणि वाऱ्याची सगळी भोकं बुजली होती. त्यानं ती तोडून काढली, गरम गरम, फडक्यात धरून.

एकोणपन्नासाव्या वर्षी माणूस असले धंदे हौस म्हणून करत नाही. पारोळ्याकडच्या खेड्यात सुकदेवचा बाप लोहार होता. सतराव्या वर्षी 'मी भाता ओढणार नाही' म्हणून सुकदेव तिथून जो निघाला तो थेट सुरतेत. एकतीस वर्षं मिलांमध्ये फिटर म्हणून मशिनी खोलल्या, बसवल्या. शेवटची मिल सुरतेजवळच्या सचिन गावातली, कापड रंगवायची. तिथं एका सकाळी गेटवरच्या पोरसवदा सुपरवायझरनं त्याला सांगितलं, "अब आराम करो, काका." बस. एकतीस वर्षांचा हिशेब चार शब्दांत. आराम म्हणजे काय करायचं, ते त्या शहाण्यानं सांगितलं नाही.

गटाराच्या कामावरचा एक मुकादम ओळखीचा होता. त्यानं बारा बोथट पहारी आणून टाकल्या. "टोक काढून दे. नीट झालं तर दर महिन्याला तुझ्याकडंच." सुकदेवला दुसरीकडून कुणी बोलावत नव्हतं. या बारा पहारी म्हणजेच काय ते.

आता ऐरण. नवी ऐरण घ्यायची तर घरातलं कपाट विकावं लागलं असतं. भंगारवाल्याच्या ढिगात त्याला शाफ्टचा एक तुकडा दिसला. मांडीएवढा जाड, गुडघ्यापर्यंत उंच. त्यानं हातोडी मारली तर देवळातल्या घंटेसारखा वाजला. चांगलं पोलाद. उलटा करून पाहिला तर कडेवर ठोकलेला आकडा होता. सात.

तो आकडा सुकदेवनं स्वतःच्या हातानं ठोकला होता. सात नंबरच्या मशिनीचा शाफ्ट. मिलनं ती मशीन मोडीत काढली, हे त्याला माहीत नव्हतं.

"लेना है कि नहीं? सबसे सस्ता यही पड़ेगा," भंगारवाला म्हणाला.

सुकदेवनं आकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तोल." गरिबाला भुताचं लोखंडसुद्धा स्वस्तात मिळालं तर चालतं. त्यानं तो तुकडा बाभळीच्या ओंडक्यात उभा बसवला आणि आकडा भिंतीकडे फिरवला.

पहारीला टोक काढणं एकट्याचं काम नव्हे. गावाकडं बाप सांडशीत लोखंड धरायचा आणि आई घण मारायची. बापाच्या हातात छोटी हातोडी. ती लाल लोखंडावर जिथं टेकेल तिथं घण पडायचा. बापानं हातोडी उचलली रे उचलली की वरून घण खाली. बोलायचं काम नाही. थांबायचं असेल तर बाप मोकळ्या ऐरणीवर दोनदा वाजवायचा, टिंग टिंग, की आई घण जमिनीला टेकवायची.

मिलमध्ये सुकदेवनं हाच कायदा श्रीरंगला शिकवला होता. श्रीरंग बीडकडचा, त्याच्या हाताखालचा हेल्पर. मशिनीचा अडकलेला खिळा काढायचा असला की तो आठ किलोचा घण खांद्यावर टाकून यायचा. "तू नुसतं दाव उस्ताद, हाणायचं मी बघतो." घण वर नेताना तो नाकानं मोठ्ठा श्वास आत ओढायचा आणि खाली आणताना 'हं' करून सोडायचा. तोंडात कायम मिश्री. त्याच्या घणाच्या कडेचा टवका उडालेला होता, त्यामुळं मारलेल्या जागी चंद्रकोरीसारखी खूण उठायची. पोरं हसायची, श्रीरंगची सही म्हणायची. सहीशिवाय दुसरं काही त्याला लिहिता येतही नव्हतं.

त्याला जाऊन दीड वर्ष झालं होतं. तो घण मिलच्या स्टोअरमध्ये कुलपात होता.

पहिली पहार लाल झाली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. रात्रपाळीवाले शेजारी उठून आंघोळीला लागायची ती वेळ, म्हणजे ठोकाठोक केली तरी कुणी शिव्या घालत नाही. सुकदेवनं पहार ऐरणीवर धरली. हातोडी टेकवली, उचलली. ती बापाची सवय. उचलल्यावर लक्षात आलं की समोर कुणी नाही. स्वतःवरच चिडून तो पुन्हा मारणार, तेवढ्यात पहार हातात हादरली.

दणका खांद्यापर्यंत आला. लोखंड चपटं झालं होतं. त्याच्या हातोडीनं दहा ठोक्यांत झालं नसतं एवढं.

त्यावर चंद्रकोर होती.

तो पहार भट्टीत खुपसून मोरीवर गेला, डोक्यावर पाणी घेतलं. उन्हानं होतं असं. परत आला. पहार लाल होती. त्यानं मुद्दाम, हळूच, हातोडी टेकवली. उचलली.

धप्प.

कुठलाही शहाणा माणूस पळाला असता. सुकदेवच्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की बारा पहारी रविवारपर्यंत होतील. आणि तो कामाला लागला. टिंग, धप्प. टिंग, धप्प. एका तासात दोन पहारींना टोकं आली. मिलच्या शेठनं श्रीरंगला जिवंतपणी राबवलं, सुकदेव मेल्यावर राबवत होता. पगार तर आता तोही नाही.

संध्याकाळी भाकरी थापता थापता उषाबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, "तठे तुमनासंगे कोण शे?"

"कोणी नही."

"मंग दोन ठोका कसा ऐकू येतस? एक बारीक, एक जाड."

"भिंतीवर आदळून येत असेल आवाज."

उषाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. घरची अहिराणी सोडून तो शुद्ध बोलायला लागला की काहीतरी लपवतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं.

चार दिवसांत अकरा पहारी झाल्या. भट्टीही आता वळणावर आली. झाकण दोन बोटं उघडं ठेवलं की आच बरोबर बसायची, धूर नाही, ठिणगी नाही. सुकदेवनं स्वतःला बजावलं होतं की काम संपलं की ऐरणीवर दोनदा वाजवायचं. तो वाजवायचा. मग समोरच्या मातीत काहीतरी जड टेकल्यासारखं व्हायचं. माती दबायची. तिकडं तो बघायचा नाही.

शनिवारी मंदा आली. श्रीरंगची बायको. साड्यांवर खडे चिकटवून दोन पोरं पोसत होती. बोटांना गोंद सुकून पापुद्रे धरले होते. ती उंबऱ्यातच बसली.

"सोमवारी कोर्टात तारीख हाय, भावजी."

"माहीत आहे."

"मला पैसं नगं. त्ये मिळायचं तवा मिळंल. कागदावर लिवलंय की माझा माणूस दारू पिऊन व्हता आन् त्यानंच मशिनीची जाळी काढली. शाळंत पोरांना बेवड्याची पोरं म्हणत्यात. तुमाला ठाव हाय, त्यो मिश्रीबिगर कशाला शिवत नव्हता. तेवढं बोला. मंग मी पुन्यांदा तुमच्या दारात येनार न्हाई."

उषाबाई चहाचा कप धरून उभी होती. कप तिनं मंदाला द्यायचा होता, तो तिच्या हातात तसाच राहिला.

"बघतो," सुकदेव म्हणाला.

गुजरातेत दारूबंदी. म्हणून मेलेला मजूर दारू प्यायलेला होता म्हटलं की सगळ्यांचं काम सोपं होतं. पोलिसांचं, शेठचं, विम्याचं. तो कागद शेठनं लिहवून घेतला आणि खाली सही सुकदेवची. हात आत जाऊ नये म्हणून लावलेल्या जाळीमुळं मशीन हळू चालते म्हणून ती काढायला शेठनं सांगितलं होतं. काढली सुकदेवनं. त्या दिवशी सात नंबरच्या रोलरमध्ये कापड अडकलं. मशीन बंद करायची तर शेठची परवानगी लागायची. श्रीरंग विचारत होता, "कुठं अडकलंय उस्ताद? दाव की."

सुकदेवनं फिरत्या रोलरजवळ हातोडी टेकवून जागा दाखवली.

श्रीरंगनं तिथं हात घातला.

रविवारी शेठच्या माणसाचा फोन आला. "लख्युं छे एम ज बोलजो, सुकदेवभाई. जाळी कोणे काढी, ए तमने खबर छे ने?" लिहिलंय तसंच बोल, नाहीतर जाळी तू काढलीस हे बाहेर येईल, असा त्याचा अर्थ. आवाज मात्र अगदी गोड. त्या दिवशी सुकदेवनं भट्टी पेटवली नाही. बारावी पहार भिंतीला टेकून उभी राहिली.

सोमवारी कोर्टात त्याला विचारलं, जाळी कुणी काढली?

"श्रीरंगनं."

तो दारू प्यायलेला होता का?

मागच्या बाकावर मंदा पदराचा बोळा तोंडाशी धरून बसली होती. सुकदेवनं तिच्याकडं पाहिलं नाही. समोरच्या पंख्याकडं पाहिलं.

"वास येत होता," तो म्हणाला.

बाहेर पडताना मंदा समोर आली. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं फक्त त्याच्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि पोरांना घेऊन निघून गेली.

तीन वाजता तो घरी आला. कपडे बदलले आणि मागं जाऊन भट्टी पेटवली. एवढी सुंदर आच आजवर बसली नव्हती. पांढरट, गप्प, बिनधुराची. शेवटची पहार लाल करून ऐरणीवर धरली.

हातोडी टेकवली. उचलली.

काही नाही.

पुन्हा टेकवली, उचलली. पुन्हा. लोखंडावर त्याच्या हातोडीचे बारके खळगे तेवढे उठले. पोरानं मारल्यासारखे.

"गेला," सुकदेव मोठ्यानं म्हणाला, आणि त्याला हसू आलं. छातीवरून पोतं उतरल्यासारखं झालं. खोटं बोलल्यावर भूत जातं, हे बापानं कधी सांगितलं नव्हतं. बारावी पहार राहिली तर राहू दे. मुकादमाला सांगू, अकराच जमल्या. एकट्यानं कमी काम घेऊ, पण घेऊ.

त्यानं ब्लोअर बंद केला. पहार मातीत ठेवली. तीन हात मागं सरकून उलट्या बादलीवर बसला, पाय लांब केले, बाहीनं तोंड पुसलं. दमलेला लोहार बसतो तसा. बाप बसायचा तसा.

हातोडी गुडघ्यावर टेकवून.

आधी मिश्रीचा वास आला.

मग समोरची माती, जिथं रोज काहीतरी जड टेकायचं, ती हलकी झाली. दबलेली माती सुटून कणाकणानं वर आली. त्यानं पाहिलं.

मग त्याच्या डोक्यावर, अगदी जवळ, कुणीतरी नाकानं मोठ्ठा श्वास आत ओढला.

सुकदेव हलला नाही.

त्यानं गुडघ्याकडं पाहिलं. हातोडी टेकलेली होती. ऐरण तीन हात लांब. थांब म्हणायला तिच्यावर दोनदा वाजवावं लागतं. वाजवायला हातोडी उचलावी लागते.

भट्टीतले कोळसे तडकत विझत होते. समोरच्या भिंतीवर सावली एकच होती, त्याची.

"च्या ठेवू का?" आतून उषाबाईनं विचारलं.

"ठेव."

"तठेच लई येऊ?"

"नको. तू भाईर नको येऊ."

थोडा वेळ आत भांडी वाजली. मग थांबली.

"कोण शे तठे?"

त्यानं डावा हात उजव्यावर ठेवला आणि हातोडी गुडघ्यावर आणखी दाबली.

"कोणी नही," तो म्हणाला.

चहा उकळल्याचा वास आला. डोक्यावर आत ओढलेला तो श्वास अजून कुणी सोडला नव्हता.