पहिली कढई

आयोडीनचा थेंब खव्यावर पडला अन् बघता बघता निळा-काळा झाला!

सोलापूरच्या व्यापाऱ्यानं परत पाठवलेल्या त्या डब्याभोवती सगळा खव्याचा कारखाना गोळा झाला होता. भूमच्या रस्त्यावरची ती सहा भट्ट्यांची शेड अशी चिडीचूप झाली, जणू ऐन रंगात आलेल्या शिवकीर्तनातले टाळ एकाएकी थांबावेत.

"पीठ हाय ह्यात," अमरनाथ म्हणाला. त्याची नजर फिरत फिरत थोरल्या वहिनीवर, उमादेवीवर येऊन थांबली. "सोमवारची पहिली कढई. तुमचीच न्हवं, वैनी?"

"व्हय."

नवरा सिद्धलिंग गेल्यापासून नऊ वर्षं ती त्या कढईपुढं उभी होती. डोळे धुरात अन् तळहात उलथण्यावर झिजवून तिनं धाकट्या दिराचा हा संसार उभा केला होता... आणि आज त्याच दिराच्या डोळ्यांत किंतु! "खव्यात खोट हाय" असा व्यापाऱ्याचा फोन आल्यापासून तीन दिवस तो संशय घरात सापासारखा सरपटत होता. तिनं डबा उचलला की कुणी झाकण उघडून बघायचं, ती भावाशी फोनवर बोलली की धाकटी जाऊ महादेवी दाराआड थबकायची.

"तुळजापूरला भावाचं पेढ्याचं दुकान हाय की!" महादेवी आता उघडच म्हणाली. "खवा तिकडं, पीठ हिकडं. वजन बराबर!"

त्याच क्षणी उमादेवीला सोमवारची सकाळ आठवली.

सासू नागम्मा रोज पहिलं दूध उकळायच्या आधी भट्टीच्या तोंडात मूठभर ज्वारीचं पीठ टाकायची. अग्नीला नैवेद्य दिल्याशिवाय म्हातारी पाण्याचा घोटही घ्यायची नाही. सोमवारी तिची मूठ कढईवरच सुटली होती! उमादेवीनं घाईघाईनं वरचं पीठ झाऱ्यानं काढलं, सगळं निघालं असं समजली, अन् दुसऱ्या दिवसापासून म्हातारीचं मनगट हळूच धरू लागली.

सांगावं?... पण अमरनाथनं दिवाळीतच बजावलं होतं, "अव्वा, तुला दिसंना झालंय. एक चूक झाली की शेडीत पाय ठिवायचा न्हाय!" त्या दिवशी म्हातारी जेवलीसुद्धा नव्हती. हा नैवेद्य तुटला, तर तो जीव तरी कशाच्या आधारानं राहावा!

"म्याच टाकलं, भाऊजी," उमादेवी म्हणाली.

अमरनाथचा चेहरा पांढराफटक पडला. "मंग उद्या सातच्या एस्टीनं म्हायेरला जावा."

सकाळी पिशवी दाराशी ठेवून ती भट्टीच्या पाया पडायला आत आली. डबा तपासला तेव्हा म्हातारी शेडीत नव्हती; तिला तिनं 'भावाला बरं न्हाय' एवढंच सांगितलं होतं. पहिल्या कढईपाशी आज अमरनाथ उभा होता. ही आता काय करते म्हणून तिच्या हातांवरची नजर काढत नव्हता. तेवढ्यात पिठाची वाटी घेऊन, भिंत चाचपत नागम्मा आली. मूठ वर गेली... आणि ती थेट दुधावर!

उमादेवी धावली. मनगट धरून तिनं तो हात अलगद खाली, जाळाकडं नेला. पीठ तडतडलं.

अमरनाथ बघतच राहिला. "वैनी... रोज असंच धरता?"

तिनं म्हातारीच्या तळव्याला चिकटलेलं पीठ पदरानं झाडलं.

"सोमवारी धरलं न्हवतं, व्हय ना?" त्याचा आवाज फाटला. "आन् म्या तुमाला चोर..." तो तिथंच खाली बसला, अन् त्यानं वहिनीचे पाय धरले. दारातल्या महादेवीनं मान खाली घातली.

नागम्मा सुनेच्या आवाजाच्या दिशेनं वळली. "आगं उमा... मला वाटायचं, तू मायेनं हात धरतीस!"

"मायेनंच की, अव्वा..." आणि मग मात्र तिचा बांध फुटला.

म्हातारीनं चाचपत पिठाची वाटी तिच्या हातात दिली. "उद्यापासनं निवद तू द्यायचा."

"पर अव्वा," महादेवी पुटपुटली, "त्यांच्या कपाळाला कुकू न्हाय..."

"माझ्या बी न्हाय! आन् डोळं बी न्हाईत. म्हणून तर कढईत गेला तुझ्या देवाचा निवद!" नागम्मा कडाडली. मग सुनेचे गाल आपल्या खरखरीत तळव्यांनी पुसत हळूच म्हणाली, "आन् तू गं, कढईवर रडू नगंस. खवा खारट झाला, तर पुन्यांदा माघारी यील!"