मी धरलंय, चालू कर

ही गोष्ट खरी आहे. आमच्या साडूंना कल्पनाशक्ती मुळीच नाही, तेव्हा रचून सांगण्याचा प्रश्नच येत नाही.

भुतानं मध्यरात्री यावं असा रिवाज आहे. हे रविवारी दुपारी साडेतीनला आलं. कुरिअरनं.

साडू टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षांपूर्वी असायचा तसला कॉम्प्युटर ते मागच्या खोलीत बनवत होते. त्याचा सर्किट बोर्ड तीन महिने खपून स्वतः आखला. दादाशिवाय.

दादा म्हणजे थोरला भाऊ. यांच्या प्रत्येक कामात त्यानं जन्मभर नाक खुपसलं. जोड सैल निघाला की अंगठ्यानं दाबून म्हणायचा, "मी धरलंय, चालू कर." मशीन चालायचं. नाव दादाचं व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी तो गेला. निदान एक वस्तू आपल्या एकट्याची, असं साडूंनी ठरवलं.

पार्सल उघडलं. पाच कोरे बोर्ड, साडूंच्या आखणीवरून कारखान्यात छापलेले.

पाचही बोर्डांवर तांब्याची एक रेघ... जास्त होती.

साडूंनी कारखान्याला फोन लावला.

"माझ्या डिझाइनमध्ये हात घालायला कोणी सांगितलं?"

"सर, तुमची फाइल आली तशी छापली. आम्हाला रविवारीसुद्धा जेवायला वेळ नाही, तुमच्या रेघा कोण सुधारणार?"

साडूंनी फाइल उघडली. तिच्यात ती रेघ नव्हती.

त्यांच्या सगळ्या रेघा सरळ, कोपऱ्यावर मोडलेल्या. ही मात्र वळण घेत गेलेली. हातानं काढल्यासारखी.

बोर्डावर ब्रशनं हातानं रेघा ओढायचा... दादा.

साडूंचं डोकं फिरलं. ब्लेड घेऊन त्यांनी एका बोर्डावरची ती रेघ कापून टाकली.

"अहो, निदान ती कुठं जाते ते तरी बघायचं!" बायको म्हणाली.

"तू त्याचीच बाजू घे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच बोर्डावर सगळे भाग सोल्डरिंगचे डाग देऊन बसवले. बटण दाबलं.

काही नाही.

तासभर तपासल्यावर सापडलं. प्रोसेसरला जागं करणारी रेघ आखायची साडू साफ विसरले होते. आणि कापलेली रेघ... नेमकी तिथंच जात होती.

"मेल्यावरसुद्धा चुका काढतोस?" साडू भिंतीवर ओरडले. तारेचा तुकडा घेतला. डाग द्यायला वाकले...

स्क्रीन लागला.

साडूंनी मीटर लावला. रेघ तुटलेलीच होती. बोर्डाखाली बोट नेलं. कापलेल्या जागी गरम लागलं...

अंगठ्याएवढंच.

"दादा, हात काढ!"

स्क्रीन विझला.

साडू उभेच राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग दातओठ खात म्हणाले, "...धर."

स्क्रीन लागला.

याला आठ महिने झाले. मशीन रोज चालतं. तार जोडणं हे दोन मिनिटांचं काम. तुकडा टेबलावर तसाच पडलाय. का जोडत नाही विचारलं की साडू खेकसतात.

परवा मी सहज बोर्ड उचलायला गेलो, तर केवढ्यांदा ओरडले!

"खालून हात लावू नकोस! तिथं... जागा नाही."